फरशी वाळायच्या आत

मांजर ओल्या फरशीवरून गेलं की पुढची काही मिनिटं काय होतं, ते एकदा थांबून बघावं. बादलीत झाकणभर पांढरं फिनेल टाकलेलं आहे, पाणी दुधाळ झालंय, हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत फडकं फिरलंय. मांजर चार पावलं टाकतं, थबकतं, पुढचा पंजा झटकतं आणि कोरडी जागा शोधून तिथे बैठक मारतं. मग पंजा तोंडाशी घेऊन, बोटं फाकवून, खाचाखाचांतून जीभ फिरवतं. पंजे मनासारखे कोरडे होईपर्यंत ते उठत नाही. आपल्या लेखी फरशी पुसून झाली. पंज्यांना लागलेलं फिनेल मात्र तेवढ्यात मांजराच्या पोटात गेलेलं असतं.

कुत्रा पाय इतके चाटत नाही, पण तोही नाक जमिनीला लावूनच जगतो. रांगतं मूल फरशीवर तळवे टेकतं आणि तेच तळवे तोंडात घालतं. घरात दम्याचं माणूस असेल तर त्याला फरशीला हातही लावावा लागत नाही. बादलीत बाटली उपडी झाली की शेजारच्या खोलीत त्याची छाती भरून येते. साफसफाईचं सामान विकत घेताना आपण डागांचा विचार करतो, जंतूंचा करतो, वासाचा तर फारच करतो. पुसलेल्या जागेला नंतर कोणाची जीभ लागणार आहे, कोणाची त्वचा टेकणार आहे आणि तिथला श्वास कोण घेणार आहे, हे सगळ्यात आधी विचारायला हवं. एवढा एक प्रश्न लावून धरला तर मोरीतल्या निम्म्या बाटल्या आपोआप बाहेर जातात, असं माझं ठाम मत आहे.

मांजराची गोष्ट वेगळी का, याचं उत्तर त्याच्या यकृतात आहे. फिनॉल कुळातली रसायनं पोटात गेली की माणसाचं किंवा कुत्र्याचं यकृत त्यांना ग्लुक्युरॉनिक ॲसिडची जोड देतं. ही जोड मिळाली की ते रसायन पाण्यात विरघळतं आणि लघवीवाटे निघून जातं. हे काम करणाऱ्या विकरांपैकी एक महत्त्वाचं विकर बनवणारं जनुक मांजरात निकामी आहे. जनुकाचा सांगाडा शिल्लक आहे, पण त्यापासून विकर तयार होत नाही. घरातल्या मनीचंच नव्हे, वाघ-सिंहांचंही तसंच आहे. निव्वळ मांसावर जगणाऱ्या या कुळाला वनस्पतींतली असली द्रव्यं पचवण्याची फारशी गरज पडली नसावी, असं संशोधकांना वाटतं. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, तीही बऱ्याच अंशी याच कारणाने. त्यामुळे ‘कुत्र्याला काही झालं नाही, मग मांजरालाही होणार नाही’ हा हिशेब इथे चालत नाही.

आता हे फिनॉल आपल्या घरात कुठे असतं ते पाहू. काळं फिनेल तर कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या फिनॉल आणि क्रेसॉलवरच उभं आहे. पांढरं फिनेल बहुतेक वेळा पाइनच्या तेलाचं असतं, आणि त्यातली टर्पीन गटातली द्रव्यंही मांजराला झेपत नाहीत. डेटॉलसारख्या जखम धुण्याच्या द्रवात क्लोरोझायलेनॉल असतं, ४.८ टक्के, आणि जोडीला पाइनचं तेल. कुत्र्यामांजरांना डेटॉलच्या पाण्याने आंघोळ घालायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ती प्रेमापोटीच चालत आली आहे, पण मांजराच्या बाबतीत ती ताबडतोब सोडून द्यावी. आंघोळीनंतर मांजर सगळं अंग चाटून कोरडं करतं, म्हणजे बादलीतलं औषध हळूहळू सगळं पोटात जातं.

फिनेलच्या वासाशी आपलं नातं जुनं आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय ही सवय सुटत नाही. १८६५ मध्ये ग्लासगोला जोसेफ लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक ॲसिड, म्हणजे फिनॉलच, वापरायला सुरुवात केली आणि शस्त्रक्रियेनंतर जखम सडून मरणारी माणसं वाचायला लागली. १८७७ मध्ये जॉन जेज यांनी इंग्लंडमध्ये डांबरापासून केलेल्या जंतुनाशक द्रवाचं पेटंट घेतलं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा घरं आणि गटारं कार्बोलिकने धुऊन काढण्यात आली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत दाखवलं ते १८९८ मध्ये. तो नुसती गटारं धुऊन आटोक्यात येण्यासारखा नव्हताच. पण वास मागे राहिला. सरकारी दवाखाना, रेल्वे स्टेशन, शाळेचा व्हरांडा, सगळीकडे त्या वासाचा एकच अर्थ होता: इथे झाडलोट झालेली आहे. आज बाटल्यांतून लिंबू, लॅव्हेंडर, मोगरा असे वास येतात, पण मनातलं समीकरण तेच आहे. वास येत नसेल तर फरशी नीट पुसली नाही असं घरातल्या वडीलधाऱ्यांना अजून वाटतं. खरं तर धुतलेल्या जागेला कसलाच वास येऊ नये. येतो तो पुसताना मागे सोडलेल्या रसायनाचा.

हल्ली फिनेलच्या जागी जे रंगीत फ्लोअर क्लीनर आलेत त्यांत बहुधा बेन्झाल्कोनियम क्लोराइड असतं. हे क्वाट नावाच्या गटातलं जंतुनाशक. जंतूंचं बाह्य आवरण ते फोडतं, आणि पुरेसं तीव्र असेल तर जिभेच्या नाजूक त्वचेचंही तेच करतं. सांडलेला पातळ न केलेला द्रव मांजराने पंज्यावरून चाटला तर काही तासांनी लाळ गळायला लागते, जिभेवर फोड येतात, ताप चढतो, खाणं बंद होतं. लगेच काही दिसत नाही, म्हणून घरच्यांना दोन गोष्टींचा संबंधच लागत नाही. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: बाटलीवर लिहिलंय तेवढंच पाण्यात मिसळलं, आणि फरशी पूर्ण वाळेपर्यंत जनावराला दुसऱ्या खोलीत ठेवलं, तर या गटातला धोका बराच कमी होतो. घोटाळा होतो तो ‘जरा जास्त टाक, चांगलं निघेल’ या सवयीने. झाकणाऐवजी अंदाजाने धार धरली की बादलीत नेमकं किती गेलं हे कोणालाच ठाऊक नसतं.

पक्ष्यांकडे आपलं लक्षच नसतं. बजी किंवा लव्हबर्ड्सचा पिंजरा पुष्कळदा स्वयंपाकघराच्या खिडकीत किंवा बाथरूमजवळच्या गॅलरीत टांगलेला असतो. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहते, आणि ते एका श्वासात आपल्यापेक्षा कितीतरी कार्यक्षमतेने प्राणवायू घेतात. हवेत विष असेल तर तेही तितक्याच कार्यक्षमतेने आत जातं. एवढुसा जीव, त्यात ही श्वसनाची रचना. त्यामुळे ब्लीच, बाथरूमचं ॲसिड, कुठलाही फवारा किंवा एअर फ्रेशनर पक्षी असलेल्या खोलीत वापरूच नये. माशांच्या टाकीचं तसंच. क्वाट आणि क्लोरीन दोन्ही माशांच्या कल्ल्यांवर घाव घालतात. खोलीत काही फवारायचंच असेल तर टाकी झाकावी आणि तेवढा वेळ हवेचा पंप बंद ठेवावा, कारण पंप खोलीतली हवाच पाण्यात सोडत असतो.

माणसांच्या बाबतीत पुरावा भक्कम आहे तो दम्याचा. युरोपातल्या दहा देशांत साडेतीन हजार माणसांना काही वर्षं नजरेखाली ठेवून केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला यांपैकी कोणालाही दमा नव्हता आणि सगळे आपल्या घरची साफसफाई स्वतः करणारे होते. जे आठवड्यातून एकदा तरी फवारा मारायची क्लीनर वापरत त्यांच्यात दम्याची लक्षणं जास्त आढळली. काचेचे फवारे, फर्निचरचे फवारे आणि एअर फ्रेशनर यांत पुढे होते. ओतायच्या द्रवांत असा संबंध दिसला नाही. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासात, वीस वर्षांच्या मापांवरून, साफसफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची ताकद इतर स्त्रियांपेक्षा वेगाने घटलेली दिसली. मग ती सफाई घरची असो की पोटासाठी केलेली.

फवारा आणि फडकं यांतला फरक साधा आहे. फवाऱ्याने द्रवाचे इतके बारीक थेंब होतात की ते हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर खोल जातात. तोच द्रव फडक्यावर ओतून आरसा पुसला तर काम तेच होतं आणि हवेत जाणारा भाग कितीतरी कमी होतो. एक पैसाही न खर्चता करता येईल असा हा बदल आहे.

दम्यापलीकडे एक मोठा गट आहे: ज्यांना अत्तर, फिनेल, नवा रंग, कपड्यांचं कंडिशनर यांच्या वासाने डोकं धरतं, मळमळतं, चक्कर येते, विचार सुचेनासा होतो. अमेरिकेतले डॉक्टर थेरन रँडॉल्फ यांनी १९५० च्या दशकात अशा रुग्णांबद्दल लिहिलं. १९८७ मध्ये मार्क कलेन यांनी त्याची व्याख्या केली आणि बहुविध रसायन-संवेदनशीलता असं नाव रुळलं. हे नेमकं कशामुळे होतं यावर वैद्यकात अजून एकमत नाही. पदार्थ कोणता हे लपवून केलेल्या चाचण्यांत अनेक रुग्णांना खरा पदार्थ आणि नुसती हवा यांतला फरक खात्रीने ओळखता आला नाही, हेही खरं आहे. पण त्यावरून त्यांचा त्रास खोटा ठरत नाही. डोकेदुखी तपासायचं यंत्र नाही म्हणून कोणी अर्धशिशीला ढोंग म्हणत नाही. घरात असं माणूस असेल तर कारणाचा निकाल लागेपर्यंत वाट बघायची गरज नाही. उग्र वासाची वस्तू घरात आणली नाही तर कोणाचंही काही बिघडत नाही. मराठी घरांत हा त्रास बहुधा सुनेला, आजीला किंवा कामाला येणाऱ्या बाईंना होतो आणि ‘नाजूकपणा’ म्हणून उडवून लावला जातो. हे थांबायला हवं.

बाथरूमच्या जाळीवर, बेसिनमध्ये आणि कपड्यांच्या कपाटात पडणाऱ्या डांबरगोळ्यांवर माझा विशेष राग आहे. त्या बहुधा नॅप्थलीनच्या असतात. कुत्र्याने एखादी गोळी चघळली तर उलट्या, थरथर आणि रक्तपेशींचं नुकसान होऊ शकतं. मांजराला ती आणखी जड जाते. माणसांतही काही जणांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. पारशी समाजात हे प्रमाण बरंच आहे आणि भारतात इतर अनेक समाजांतही ते आढळतं. अशा माणसाच्या पेशी नॅप्थलीनने फुटू लागतात. पेटीत डांबरगोळ्यांबरोबर जपून ठेवलेली जुनी दुपटी-झबली तशीच काढून नवजात बाळाला घातली आणि बाळाला जबर कावीळ झाली, असं वैद्यकाच्या पुस्तकांत नोंदवलेलं आहे. आजीच्या पेटीतले कपडे बाळासाठी काढायचे तर आधी धुऊन कडक उन्हात वाळवावेत. डांबरगोळीऐवजी आता कापूर ठेवायची टूम निघाली आहे. पण कापूरही गिळण्याची वस्तू नाही. लहान मुलांना थोड्याशा कापरानेही आकडी येते. नीट धुतलेले, पूर्ण वाळलेले आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेले कपडे बिनगोळीचे टिकतात.

इथवर आलं की कोणीतरी म्हणतं, मग सगळं नैसर्गिकच वापरू. हा मार्ग बरा आहे, पण डोळे मिटून चालण्याजोगा नाही. रिठ्याचंच बघा. त्याच्या सालीतली सॅपोनिन द्रव्यं उत्तम फेस देतात, लोकरी आणि रेशमी कपडे धुवायला रिठ्यासारखं दुसरं काही नाही. पण याच सॅपोनिनमुळे मासे गुंगून तरंगायला लागतात, आणि असली झाडं पाण्यात टाकून मासे पकडायची रीत जगात अनेक ठिकाणी होती. रिठ्याचं पाणी माशांच्या टाकीजवळ नको, आणि मुलांच्या किंवा जनावरांच्या डोळ्यांतही जाऊ देऊ नये. टी ट्री, निलगिरी, सिट्रोनेला, लिंबूवर्गीय सालींची तेलं झाडांचीच, पण मांजराचं यकृत झाडं ओळखत नाही. शुद्ध टी ट्री तेलाचे काही थेंब कातडीवर लावल्याने मांजरं आणि लहान कुत्री लटपटून पडल्याच्या नोंदी आहेत. लिंबाच्या आणि संत्र्याच्या वासाचं लिमोनीन हवेतल्या ओझोनशी संयोग पावलं की त्यातून फॉर्माल्डिहाइड आणि सूक्ष्म कण तयार होतात. हवेशी संयोग पावलेलं लिमोनीन कातडीला ॲलर्जीही देतं. तेव्हा ‘वनस्पतीजन्य’ असं लिहिलेली लॅव्हेंडरची बाटली संवेदनशील माणसाला बिनवासाच्या साध्या साबणापेक्षा जास्त बाधू शकते.

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत गेल्या काही वर्षांत बायो-एन्झाइम घरी करायची चळवळच उभी राहिली आहे. एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-मोसंबीच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने आंबवायचं. ओला कचरा कमी होतो, प्लास्टिकच्या बाटल्या वाचतात, आणि हे करणाऱ्या बायकांच्या चिकाटीचं मला मनापासून कौतुक आहे. पहिल्या महिन्यात झाकण रोज सैल करून वायू सोडावा लागतो, नाहीतर बाटली फुटते, हे त्यांना पाठ असतं. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवायला हव्यात. आंबवण्यातून तयार होतं ते मुख्यतः व्हिनेगरमधलंच ॲसिटिक आम्ल, म्हणजे द्रव चांगलाच आंबट असतो. त्याला जंतुनाशक समजू नये. आणि सालींचं तेल त्यात उतरलेलं असतं, म्हणून मांजराच्या घरी तो भरपूर पातळ करून वापरावा आणि मागून साध्या पाण्याचं फडकं फिरवावं.

आंबट द्रव्यांचा दुसरा धोका जमिनीला आहे. शहाबादी फरशी, कोटा आणि स्वयंपाकघरातला कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत, आणि संगमरवरही त्याच कुळातला. चुनखडीवर व्हिनेगर किंवा लिंबू पडलं की बारीक बुडबुडे येतात आणि वरचा थर विरघळतो. चकाकी जाते, दगड खरखरीत होतो, मग त्यात मळ जास्त बसतो आणि आपण अजून जास्त घासायला लागतो. जुन्या वाड्यांतल्या आणि चाळींतल्या घरांमध्ये व्हिनेगरचे घरगुती उपाय म्हणूनच चालत नाहीत. व्हिट्रिफाइड टाइल आणि ग्रॅनाइट यांना तेवढं भय नाही. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसवण्याचा उपायही लोकप्रिय आहे. फेस दिसतो छान, पण त्यात आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवतात. उरतं ते मुख्यतः खारट पाणी, आणि दोन्ही उपयोगी वस्तू वाया जातात.

खरं जिवावर बेतणारं मिश्रण दुसरंच आहे. संडासात लावायच्या बऱ्याच क्लीनरांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, हातगाडीवर मिळणाऱ्या सुट्या ‘बाथरूम ॲसिड’मध्ये तर ते असतंच. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं. एकाने निघत नाही म्हणून वरून दुसरं ओतलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद, बिनखिडकीच्या संडासात तो माणसाला गुदमरवायला पुरेसा होतो. व्हिनेगर, लिंबूसत आणि बायो-एन्झाइम हीसुद्धा आम्लंच, ब्लीचबरोबर तीही नकोत. अमोनिया आणि ब्लीच यांतून क्लोरअमाइन नावाचे घातक वायू निघतात. आणि अमोनिया आणायला बाजारात जावं लागत नाही. मांजराच्या मातीच्या ट्रेमध्ये आणि कुत्र्याने मुतलेल्या कोपऱ्यात तो आयता असतो. तिथे ब्लीच ओतू नये.

कुत्र्यामांजरांनी घरात केलेल्या लघवीचा प्रश्न जनावरं पाळणाऱ्या प्रत्येकाला पडतो, म्हणून तो जरा सविस्तर. आधी जुन्या कपड्याने किंवा कागदाने दाबून लघवी शोषून घ्यावी, चोळू नये. मग थंड पाणी, पुन्हा टिपणं. वासाचं मूळ युरिक आम्लाच्या स्फटिकांत असतं. ते पाण्यात जेमतेम विरघळतात, गादीत आणि फरशीच्या सांध्यांत बसून राहतात आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की पुन्हा वास मारायला लागतात. उन्हाळ्यात गेलेला वास जूनमध्ये परत आला, असं जे वाटतं ते यामुळे. यावर खरा उपाय विकरं असलेलं क्लीनर हाच आहे. पाळीव प्राण्यांच्या दुकानात ते मिळतं. बिनवासाचं घ्यावं, जागा चांगली भिजेल इतकं ओतावं आणि बाटलीवर सांगितलेला वेळ तसंच ओलं राहू द्यावं. विकरांना वेळ लागतो. लगेच पुसलं तर पैसे फुकट. गरम पाणी आधी ओतू नये. अमोनियाची काच-क्लीनरं तिथे वापरली तर उरलेला वास जनावराला लघवीसारखाच येतो आणि ते त्याच कोपऱ्यात परत बसतं.

बाकी घरासाठी फार थोडं लागतं. रोजची फरशी साध्या पाण्याने किंवा बादलीभर पाण्यात बिनवासाच्या भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब टाकून पुसली तर पुरे. साबण मळ आणि त्याबरोबर बहुतेक जंतूही उचलून नेतो. रोज रोज मारण्याची गरज नसते. फडकं मात्र स्वच्छ हवं, पाणी गढूळ झालं की बदललेलं हवं. ओट्यावर साबणपाणी, चिकटलेल्या डागावर खायचा सोडा. एक्झॉस्ट पंख्याच्या आणि चिमणीच्या जाळीवरच्या चिकट्याला गरम पाण्यात धुण्याचा सोडा, हातमोजे घालून. ॲल्युमिनियमची जाळी असेल तर नको, ती काळी पडते. बोअरच्या पाण्याने नळांवर आणि बादल्यांवर बसलेल्या क्षारांना किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत पाण्यात विरघळवून लावावं. संडासाच्या भांड्यातही रात्री तेच टाकून सकाळी ब्रशने घासावं. झाकण मात्र बंद ठेवावं, कारण काही कुत्र्यांना तिथलं पाणी प्यायची सवय असते. कपडे धुताना कंडिशनर वगळला तर संवेदनशील माणसाला आणि जनावराच्या अंथरुणाला एकदमच आराम मिळतो.

ब्लीचला मी घराबाहेर काढणार नाही, कारण काही वेळा त्याच्याशिवाय चालत नाही. कुत्र्याच्या पिल्लाला पार्व्हो झाला तर तो विषाणू साध्या फिनेलने किंवा बहुतेक क्वाटने मरत नाही आणि घरात महिनोन्‌महिने तग धरतो. तिथे पाच-सहा टक्क्यांचं ब्लीच, एक भाग ब्लीचला तीसेक भाग पाणी, आधी साबणाने धुतलेल्या जागेवर दहा मिनिटं ओलं ठेवावं लागतं. मळ असेल तर ब्लीच मळावरच खर्ची पडतं, म्हणून आधी धुणं आवश्यक. मिश्रण त्याच दिवशी करावं, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जनावरं आणि दम्याची माणसं दुसरीकडे असावीत, आणि शेवटी पाण्याने धुऊन टाकावं. घरात कोणाला उलट्या-जुलाब झाले असतील तेव्हाही संडासापुरतं ते योग्य आहे. ब्लीच चालत नसेल तर औषधाच्या दुकानातलं सहा टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड निम्मं पाणी घालून वापरता येतं. त्याचं शेवटी पाणी आणि प्राणवायूच होतं. रंगीत कापडावर मात्र डाग पडतो.

दुकानात बाटली हातात घेतल्यावर पुढची बाजू सोडून द्यावी आणि मागची वाचावी. ‘९९.९ टक्के’ आणि ‘नैसर्गिक’ हे शब्द घेणाऱ्याला काही सांगत नाहीत. बेन्झाल्कोनियम, क्लोरोझायलेनॉल, पाइन तेल, हायपोक्लोराइट, हायड्रोक्लोरिक ॲसिड ही नावं सांगतात. मिथाइल-आयसोथायझोलिनोन हे आणखी एक नाव लक्षात ठेवावं. द्रव साबणांत आणि क्लीनरांत टिकाऊपणासाठी ते घालतात आणि हातांना इसब आणण्यात ते बरंच पुढे आहे. ‘परफ्यूम’ या एका शब्दामागे डझनावारी रसायनं असू शकतात. बऱ्याच बाटल्यांवर पूर्ण यादी नसतेच. तेव्हा कंपनीच्या संकेतस्थळावर त्या वस्तूची सेफ्टी डेटा शीट शोधावी, आणि तीही मिळत नसेल तर बाटली परत फळीवर ठेवावी. भारतात १९९१ पासून इकोमार्क योजना आहे, मातीच्या मडक्याचं चिन्ह असलेली, आणि २०२४ मध्ये तिचे नवे नियम आले. पण ते चिन्ह दुकानात क्वचितच दिसतं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तिथल्या पर्यावरण संस्थेचं ‘सेफर चॉइस’ हे चिन्ह पाहता येतं. त्यात बिनवासाच्या वस्तूंना वेगळी खूण असते, आणि दम्याच्या माणसासाठी तीच शोधावी. नवी वस्तू आणायची तर एका वेळी एकच आणावी. म्हणजे त्रास झालाच तर कशामुळे झाला ते कळतं.

या सगळ्यात जिच्या हाताला आणि छातीला सगळ्यात जास्त रसायन लागतं ती बहुतेक घरांत बाटली निवडतच नाही. धुणीभांडी आणि लादी करणाऱ्या मावशी चार घरी चार वेगळ्या क्लीनरांत हात घालतात. बोटांच्या बेचक्यांतली चिरलेली कातडी कोणी मुद्दाम बघायला गेलं तरच दिसते. त्यांना बिनवासाचा साबण, मापाचं झाकण आणि अस्तराचे हातमोजे देणं हे मालकिणीचं कर्तव्य आहे, उपकार नव्हे. आणि कोणती बाटली कोणत्या बाटलीत मिसळायची नाही, हे नुसतं सांगून न थांबता एकदा दोघींनी मिळून बाटल्या मांडून बघावं. सोसायटीच्या जिन्यावर काळं फिनेल फिरत असेल तर सभेत विषय काढावा. तोवर कुत्रा खालून फिरून आला की त्याचे पाय साध्या पाण्याने धुऊन पुसावेत. गणपतीच्या आधी किंवा पावसाच्या तोंडावर गटाराकडेने पांढरी पूड टाकलेली दिसली तर ती बहुधा चुना आणि ब्लीचिंग पावडर असते. तिच्यावरून कुत्र्याला चालवू नये.

आणि झालाच अपघात, तर पुढचं लक्षात असू द्यावं. जनावराच्या पंज्यांना किंवा अंगाला फिनेल, क्वाट लागलं असेल तर ते टॉवेलात गुंडाळून, कोमट पाणी आणि भांड्याचा सौम्य साबण यांनी दोन-तीनदा धुवावं आणि चाटू देऊ नये. पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नये. ॲसिड किंवा ब्लीच परत वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते, आणि मीठ स्वतःच जनावराला घातक ठरतं. डांबरगोळी खाल्ली असेल तर दूध, तूप देऊ नये, स्निग्ध पदार्थांबरोबर नॅप्थलीन जास्त शोषलं जातं. तोंडातून लाळ, लटपट, धाप, आकडी यांपैकी काहीही दिसलं किंवा नुसतं चाटल्याचा संशय असला तरी पशुवैद्याकडे न्यावं. मांजराच्या बाबतीत सकाळपर्यंत थांबू नये. माणसाला क्लोरीनचा वास लागला तर आधी बाहेर मोकळ्या हवेत यावं, बादली उचलायला परत आत जाऊ नये, आणि खोकला थांबल्यावरही डॉक्टरांना दाखवावं, कारण धाप काही तासांनी वाढू शकते. दोन्ही वेळी ती बाटली, निदान तिच्या मागच्या बाजूचा फोटो, बरोबर न्यावा. डॉक्टरांना पहिल्यांदा तेच हवं असतं.